उल्लंघन चिकटतं ते जागेला: मुंबईतल्या अनधिकृत बांधकामाच्या नोटिशी समजून घेताना

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका हातात एक ओलसर कागद घेऊन माझ्याकडे आले. तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कागद दाराला डिंकाने चिकटवलेला होता, आणि उचकटताना त्याचा एक कोपरा दारालाच राहिला होता. वरती मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम ३५१, खाली काकांचं नाव, त्याखाली 'परिशिष्ट' म्हणून चार ओळींचं वर्णन आणि पेनाने काढलेली एक चौकट. चौकटीत त्यांच्या हॉलबाहेरची बाल्कनी तिरप्या रेघांनी भरलेली आणि बाजूला मीटरमध्ये लांबी-रुंदी.

"अहो, पण हे मी केलंच नाही," काका म्हणाले. "मी घर घेतलं तेव्हापासून हॉल एवढाच आहे."

काका खरंच सांगत होते. बाल्कनीची भिंत पाडून ती हॉलमध्ये घेतली होती त्यांच्याही आधीच्या मालकाने, आणि तो माणूस केव्हाच शहर सोडून गेला होता. पण महापालिकेचा कायदा आधी 'कोणी केलं' असं विचारत नाही. तो विचारतो, 'मंजूर नकाशात हे आहे का?' नसेल, तर नोटीस आज त्या जागेत जो मालक किंवा भोगवटादार आहे त्याला. उल्लंघन माणसाला चिकटत नाही, जागेला चिकटतं. जागा विकली की ते पुढच्याच्या गळ्यात पडतं. एवढी एक गोष्ट नीट समजली की या विषयातल्या बाकीच्या गाठी सुटायला लागतात.

मोजायचं कशाशी?

कुठलंही बांधकाम अधिकृत की अनधिकृत हे ठरतं ते मंजूर नकाशावरून. मुंबईत नवीन इमारतीच्या कागदांचे तीन टप्पे आहेत. पहिला आयओडी. हे अक्षरशः 'नापसंतीची सूचना' असं पत्र आहे: तुमचा प्रस्ताव आहे तसा मंजूर नाही, या या अटी पाळल्यात तर चालेल. दुसरा टप्पा सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. हे मिळाल्याशिवाय पायाचं काम सुरू करता येत नाही, आणि बऱ्याचदा ते ठरावीक मजल्यांपुरतंच दिलेलं असतं. तिसरा टप्पा ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत नकाशाप्रमाणे पूर्ण झाली, आता माणसं राहायला येऊ शकतात, असं महापालिका यात लिहून देते.

नकाशात किती बांधायचं याचं गणित म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, आपण सगळे ज्याला एफएसआय म्हणतो. समजा भूखंड १००० चौरस मीटरचा आहे आणि मूळ एफएसआय १.३३ आहे. मुंबईच्या बेट शहरात तो तेवढाच आहे, उपनगरांत १. मग सगळ्या मजल्यांचं मिळून १३३० चौरस मीटर बांधता येईल. प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडाचा हस्तांतरित होणारा विकास हक्क, विकत घेऊन हा आकडा वाढतो, पण शेवटी तो मोजूनमापूनच मिळतो.

बाल्कनीवर एवढा कटाक्ष का, हे इथे कळतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये धरली जात नव्हती. हवा, उजेड, बसायला चार फूट मोकळी जागा, म्हणून ती सवलत होती. फ्लॉवर बेडचंही, म्हणजे खिडकीबाहेर झाडांसाठी काढलेल्या जागेचंही, तसंच. ती बाल्कनी आत घेतली की न मोजलेली जागा राहती खोली होते. बिल्डर लोकांनी हे हेरलं आणि एवढे रुंद फ्लॉवर बेड दाखवले की त्यांत पलंग मावावा. अखेर जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे सगळं मोजणीत आलं आणि बदल्यात ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय, देण्यात आला. त्यामुळे तुमची इमारत २०१२ च्या आधीची की नंतरची यावर तुमच्या बाल्कनीचं उत्तर बरंच अवलंबून असतं. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये सरसकट बंद काच दिसते, मग आमचीच का खटकते, असा प्रश्न सोसायटीच्या प्रत्येक सभेत निघतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा या तारखेत असतं.

बाल्कनी सोडली तर नेहमी दिसणारे प्रकार आपल्या ओळखीचेच आहेत. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून केलेली खोली. दुकानात उंची साधून घातलेला पोटमाळा. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, पार्किंगला शटर लावून काढलेलं दुकान. निवासी सदनिकेत सुरू केलेला क्लास किंवा गोदाम. डक्टमध्ये सरकवलेलं बाथरूम. दुकानापुढच्या मार्जिनच्या मोकळ्या जागेत पुढे आलेला ओटा. याशिवाय टाकीचं झाकण उघडं ठेवून डासांची पैदास, परवानगीशिवाय झाडाची फांदी तोडणं, मोठ्या सोसायटीने ओला कचरा जागच्या जागी न जिरवणं, याही नोटिशी येतात. पण त्या बहुतेक वेळी काम दुरुस्त केलं की मिटतात. घर जाण्याची धास्ती असते ती बांधकामाच्या नोटिशीत.

कागदावर चुकलेलं आणि जिवावर बेतणारं

कायद्याची कलमं दोन्हींना सारखीच लागतात, पण राहणाऱ्याने मनात दोन रकाने करायलाच हवेत. गच्चीवरच्या पावसाळी पत्र्याचा प्रश्न मुख्यतः कागदाचा आहे. खांबाला लावलेली छिन्नी हा वेगळा प्रश्न आहे.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं आणि त्या जागेत आतले बदल चालू होते. त्या कामात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा ठपका ठेवला गेला. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी स्वतःच्या घरात एक खिळाही ठोकला नसेल, तरी त्यांची घरं त्याच खांबांवर उभी होती. शेजारच्या घरातून ब्रेकरचा आवाज आला, तर 'त्यांचं घर, त्यांचा प्रश्न' म्हणून दार लावून घेऊ नका. खाली जा, काम पाहा, कोणत्या भिंतीला हात लावताय असं विचारा. भांडखोर म्हटलं तरी चालेल.

काकांच्या बाल्कनीचंही असंच होतं, फक्त लहान प्रमाणात. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूने भिंतीत रोवलेला आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी असतो. त्याच्या टोकावर विटांची भिंत चढवली की सगळा भार नेमका जिथे नको तिथे येतो. त्यात हॉलची फरशी आणि बाल्कनीची फरशी एका पातळीत आणायला मधे विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात. काकांच्या बाल्कनीत चार इंचांचा भराव होता, आणि खालच्या मजल्यावरून पाहिलं तर स्लॅबच्या तळाला मुळाशी समांतर जाणारी बारीक चीर दिसत होती. ती चीर पाहीपर्यंत मी स्वतः या नोटिशीकडे 'महापालिकेचा त्रास' म्हणूनच पाहत होतो.

आगीचंही तसंच. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण गेले. वर पेट घेणारं छप्पर, बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या. आपल्या इमारतीत जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट, जुनी सायकल, पॅसेजला लावलेलं जादा ग्रिल यांना कुणी अनधिकृत बांधकाम म्हणत नाही, पण धूर भरतो तेव्हा तीच वाट असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीचं शेवटचं प्रमाणपत्र कधीचं आहे हे आज विचारा.

जुन्या इमारतींसाठी वेगळी साखळी आहे. ३० वर्षं झाली की संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्यावं लागतं. त्यातून इमारतीला श्रेणी मिळते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहत्या इमारतीत मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-१ ठरली की धोकादायक इमारतीसाठीची कलम ३५४ ची नोटीस येते. दोन ऑडिटरांचे अहवाल जुळत नसतील तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. भाडेकरूंनी इथे एक पक्कं ध्यानात ठेवावं: इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. घर सोडण्याआधी आपलं नाव आणि जागेचं क्षेत्रफळ महापालिकेच्या नोंदीत लिहून घ्या.

नोटीस हातात आली की पहिलं काय वाचायचं

रक्कम नाही, मुदत नाही. कलमाचा आकडा.

कलम ३५१ असेल, तर महापालिकेचं म्हणणं असं की काम आधीच झालेलं आहे, ते का पाडू नये याचं कारण द्या. कलम ३५४ए असेल, तर म्हणणं असं की काम आत्ता चालू आहे, ते ताबडतोब थांबवा आणि २४ तासांत परवानगी दाखवा. एमआरटीपीचं कलम ५३ म्हणजे १९६६ च्या राज्याच्या नगररचना कायद्याखालची कारवाई. त्यात जागा पूर्ववत करायला सांगतात आणि फौजदारी खटलाही होऊ शकतो. त्या कायद्यात एक महिना ते तीन वर्षं कैद आहे, पण दंड जास्तीत जास्त ५,००० रुपये. मुंबईत एका चौरस फुटाचा भाव त्याच्या कितीतरी पट असताना हा दंड कोणालाही रोखत नाही, आणि तो इतका कमी का ठेवला आहे हा प्रश्न आपण आमदारांना विचारायला हवा.

३५१ आणि ३५४ए मधला फरक किती महत्त्वाचा, हे सगळ्या देशाने २०२० मध्ये पाहिलं. पाली हिलवरच्या कंगना रणौत यांच्या बंगल्यावर महापालिकेने ९ सप्टेंबरला ३५४ए खाली, म्हणजे २४ तासांच्या मुदतीने, हातोडा चालवला. मुंबई उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबरच्या निकालात ती कारवाई आकसाची ठरवून नोटीस रद्द केली. काम चालू नव्हतं, आधी झालेलं होतं, म्हणून ते कलम लागूच होत नव्हतं. त्याच निकालात न्यायालयाने अनधिकृत बांधकामाचं समर्थन करत नसल्याचंही स्पष्ट केलं. राजकारण बाजूला ठेवून यातला कायद्याचा भाग घ्या: चूक तुमची असली तरी महापालिकेला योग्य दारानेच आत यावं लागतं.

नोटीस काढतो वॉर्ड ऑफिसातला पदनिर्देशित अधिकारी. त्याआधी इमारत व कारखाने विभागाचा कनिष्ठ अभियंता येऊन टेपने मापं घेतो, फोटो काढतो. त्याला आत घेऊ नये असं बरेच जण सांगतात. मी उलट सांगेन. त्याला आत घ्या, मापं बरोबर घेतली जाताहेत ना ते पाहा, आणि तुमच्याकडचा जुना नकाशा तिथेच दाखवा. चुकीच्या मापावर निघालेली नोटीस नंतर निस्तरायला महिने जातात.

दिवसांचा प्रश्न आता बराच स्पष्ट झाला आहे. बुलडोझर कारवाईंवर सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला देशभरासाठी नियम घालून दिले. किमान १५ दिवसांची नोटीस, किंवा स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि जागेवरही लावायची. प्रत्यक्ष सुनावणी द्यायची. मग कारणं लिहिलेला आदेश, आणि त्यानंतरही १५ दिवस, म्हणजे माणसाला अपील करता येईल किंवा स्वतःहून बांधकाम काढता येईल. पाडकामाचं चित्रीकरण करायचं. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरच्या अतिक्रमणाला आणि जिथे न्यायालयानेच पाडायचा आदेश दिला आहे तिथे हे संरक्षण नाही. त्यामुळे फुटपाथवरची टपरी सकाळी गेली आणि वरची अनधिकृत खोली वर्षभर उभी राहिली, तर त्यामागे दरवेळी हप्ताच असतो असं नाही. दोन्हींच्या कायद्याच्या वाटाच वेगळ्या आहेत. टपरीवाल्याला हे समजावताना मला स्वतःला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. मुंबईत जमीन एकाची आणि परवानगी दुसऱ्याची असं सर्रास असतं: महापालिका, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, जिल्हाधिकारी, रेल्वे, बंदर. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडा नगरमध्ये जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जण गेले. तो फलक १२० फूट बाय १२० फुटांचा होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली होती, आणि परवानगी कोणाची लागते यावरच वाद होता. म्हणून तक्रार करण्याआधी जमीन कोणाच्या अखत्यारीत आहे ते शोधा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

उत्तरात काय द्यायचं

नोटिशीला उत्तर द्यायचंच, आणि पोच घ्यायची. 'टेनंटेबल रिपेअर्स' हा शब्द या उत्तरांत सगळ्यात जास्त वापरला जातो. त्याचा खरा अर्थ मर्यादित आहे: गिलावा, रंग, फरशी बदलणं, दारं-खिडक्या बदलणं, छप्पर त्याच उंचीवर नव्याने घालणं. याला परवानगी लागत नाही. उंची वाढवली, भिंत सरकवली, जागा मोठी केली की ती दुरुस्ती राहत नाही.

जुन्या जागांसाठी दोन तारखा पाठ असायला हव्यात. निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं असेल किंवा व्यावसायिक बांधकाम १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असेल, तर महापालिका त्याला 'सहन केलेलं' बांधकाम मानते. तोडायला जात नाही, पण आहे त्याच आकारात आणि त्याच वापरात. म्हणून चाळीतल्या आणि गावठाणातल्या लोकांनी जुनं लाइट बिल, रेशन कार्ड, करआकारणीचा उतारा, भाडेपावती जपून ठेवावी. आजोबांच्या ट्रंकेतला पिवळा पडलेला कागद इथे घर वाचवतो.

नियमात बसत असेल तर बांधकाम शुल्क भरून नियमित करता येतं. त्यासाठी परवानाधारक वास्तुविशारदाकडून नकाशा करून अर्ज करावा लागतो. नियमात बसत नसेल तर कोणताही नगरसेवक ते बसवून देऊ शकत नाही. राज्याने २०१७ मध्ये एमआरटीपीत कलम ५२ए आणून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांना वाट दिली, आणि गुंठेवारीच्या, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरच्या, घरांना वेगळ्या कायद्याने. अशा प्रत्येक योजनेत एक ठरलेली तारीख असते. ती पुढे सरकेल या आशेवर बांधणारेही असतात, आणि तोच या योजनांचा सगळ्यात मोठा तोटा आहे.

आणखी एक गैरसमज. अनधिकृत जागेला मालमत्ता कराच्या दुप्पट दंड लावता येतो. पिंपरी-चिंचवडकरांना हा 'शास्तीकर' चांगलाच माहीत आहे. तो माफ होईपर्यंत, २०२३ पर्यंत, तिथल्या निवडणुका त्यावर लढल्या गेल्या. पण तो कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. कराची पावती म्हणजे परवानगी नव्हे, लाइटचं मीटर म्हणजेही नव्हे.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या लोकांना हे सगळ्यात कठोर पद्धतीने कळलं. १९८० च्या दशकात तिथल्या सात इमारतींना परवानगी होती पाच मजल्यांपर्यंत. एक २० मजली झाली, एक १७ मजली. लोकांनी ओसीशिवाय घरं घेतली, वर्षानुवर्षं राहिले, मुलांची लग्नं तिथे झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले पाडायचा आदेश दिला. जून २०१४ मध्ये त्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडण्यात आलं. डोंबिवलीत तर ६५ इमारतींनी खोट्या परवानग्यांवर रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाची, नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तिथे घर घेणाऱ्याने रेरा क्रमांक पाहिला होता, बँकेने कर्ज दिलं होतं. यापेक्षा सामान्य माणसाने अजून काय पाहायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

१७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने याच भोकावर बोट ठेवलं. ओसी तपासल्याशिवाय पाणी आणि विजेची जोडणी नको, बँकांनी ओसी पाहूनच कर्ज द्यावं, बांधकामाच्या जागी मंजूर नकाशा लावलेला असावा. हे पाळलं गेलं तर खूप काही बदलेल. तोवर घर घेणाऱ्यानेच मंजूर नकाशाची आणि ओसीची प्रत मागावी. विक्रेता किंवा सोसायटी देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा, साध्या प्रकरणात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. डोंबिवलीचा अनुभव पाहता सीसीचा क्रमांक थेट महापालिकेकडे पडताळून घ्यावा. आणि नकाशा हातात आला की टेप घेऊन घरात जावं, प्रत्येक खोली मोजावी. हॉल नकाशापेक्षा चार फूट लांब निघाला तर ते चार फूट तुम्ही विकत घेत नसता. त्यांची नोटीस विकत घेत असता.

काकांनी शेवटी नियमित करण्याचा नाद सोडला. इमारतीचा एफएसआय संपलेला होता, अर्ज करून उपयोग नव्हता. गवंड्याने टोकावरची भिंत उतरवली, भराव फोडला. एका बाल्कनीतून डेब्रिजच्या एकतीस गोणी निघाल्या, मी जिन्यात उभा राहून मोजल्या. मूळच्या जागी दार बसवलं, चिरेत इंजिनिअरने सांगितलेलं मटेरियल भरलं, फोटो काढून वॉर्ड ऑफिसात उत्तर दिलं. पुढच्या पावसाळ्यात काकू त्या बाल्कनीत तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या ठेवून बसल्या होत्या. मंजूर नकाशाची झेरॉक्स आता सोसायटीच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे, आणि घर विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ती गिऱ्हाइकासमोर ठेवायला सांगतो.